शरदाचीं सुखें आणि शरदाचे उपद्रव

भाद्रपद संपून आश्विन लागला, कीं आपल्या या कोरडवाहू मुलखाचें रूप चार दिवसांत पालटतें. आकाश धुतल्यासारखें निळें दिसूं लागतें; पहांटे गवतावर दंव पडतें; दुपारीं मात्र ऊन असें चटकतें कीं, त्यापेक्षां वैशाख बरा म्हणावा. बाजरी काढणीस आलेली असते, तूर फुलाची तयारी करीत असते, आणि ज्या रानांत जोंधळा पेरावयाचा तें रान वाफशाची वाट पहात काळेंभोर पडून असतें. विलायतेकडील लोक या ऋतूस पानगळीचा ऋतु समजतात. आपल्याकडे पानें गळतात तीं शिशिरांत. शरद हा आपला भरण्याचा, पिकण्याचा व पुन्हां पेरण्याचा काळ आहे. खरिपाचें घरांत येतें आणि रब्बीचें जमिनींत जातें, अशी देवाणघेवाण या एका महिन्यांत घडते. या धांदलीमुळें या ऋतूंतील लहानसहान सुखांकडे आपलें लक्ष जात नाहीं. उपद्रव मात्र न बोलावतां अंगाला येऊन भिडतात. दोहोंचा जमाखर्च एकदां मांडून पहावा, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. आतां निवृत्त होऊन कर्जत तालुक्यांतील वडिलोपार्जित सात एकर रान पहातों. नोकरींत असतांना शरद ऋतु माझ्या वांट्यास आला तो पैसेवारीच्या रूपानें. जुन्या वाचकांस ही गोष्ट ठाऊक आहेच; तरुणांसाठीं दोन शब्द सांगतों. उभ्या पिकाचा अंदाज करून तें पूर्ण पिकाच्या मानानें किती आलें, हें पैशांत सांगावयाचें, ती पैसेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हां तीच आणेवारी होती. गांवची पैसेवारी पन्नासाच्या खालीं आली तर शेतसाऱ्यांत सूट, कर्जवसुलीस स्थगिति, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा टंचाईच्या सवलती मिळावयाच्या. पन्नासाच्या वर एक पैसा गेला तरी त्या मिळत नसत. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून दुष्काळ ठरविण्याच्या कसोट्या बदलल्या. पावसाचा खंड, जमिनींतील ओल, उपग्रहांतून दिसणारी पिकांची स्थिति या गोष्टी आतां पाहिल्या जातात. परंतु मी नोकरीस लागलों त्या काळीं गांवकऱ्यांचे सारे प्राण त्या एका आंकड्यांत असत.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतील एक गोष्ट मीं आजवर कोणास सांगितली नाहीं. एका गांवीं बाजरीचें पीक पहावयास मी गेलों होतों. ऊन कडक होतें. सायकलचें चाक सराट्यांनीं दोनदां बसलें होतें. पायमोजे व पायजमा कुसळांनीं भरून गेले होते. रानांत शिरण्याचा कंटाळा आला. रस्त्यावर उभें राहून मीं पीक पाहिलें. कडेच्या चारीचें पाणी मुरत असल्यामुळें रस्त्यालगतचें पीक नेहमींच उंच व हिरवें असतें; तें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं, पण त्या दिवशीं तें आठवावें असें वाटलें नाहीं. मीं अंदाज लिहून दिला. त्या गांवची पैसेवारी शेवटीं पन्नासाच्या किंचित वर निघाली. आंकडा कांहीं एका कारकुनाच्या डोळ्यांनीं ठरत नाहीं, त्यास समिति असते, पीककापणीचे प्रयोग असतात, हें खरें. पुढें तालुक्याच्या बाजारांत त्या गांवचे एक म्हातारे भेटले. त्यांनीं भांडण केलें नाहीं. एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, आंत येऊन एक कणीस हातांत धरून पाह्यलं असतं, तर बरं झालं असतं." फुलोऱ्यांत पावसानें खंड दिल्यामुळें आंतल्या बाजरीचीं कणसें अर्धीं पोकळ राहिलीं होतीं.

तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. निवृत्त झाल्यावर मीं ठरविलें कीं, उरलेले शरद ऋतु रस्त्यावरून पहावयाचे नाहींत. बांधावरून आणि पिकांत शिरून पहावयाचे. तसें पाहूं लागल्यावर समजलें कीं, ज्या कुसळांना भिऊन मी त्या दिवशीं बाहेर राहिलों, त्या कुसळांच्या पलीकडेच या ऋतूचें सारें सुख आहे.

हस्ताचा पाऊस

आपल्या जिल्ह्याचें पर्जन्यमान सरासरीनें साडेपांचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बावीसएक इंच आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यांत घाटघर-रतनवाडीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर याच्या कित्येक पट पाऊस पडतो. कर्जत, जामखेड, श्रीगोंदें, पारनेर या भागांत जून-जुलैचे ढग नुसते डोक्यावरून जातात. आपला खरा भरंवसा सप्टेंबरावर व परतीच्या पावसावर. उत्तरा नक्षत्र साधारण १३ सप्टेंबरला लागतें, हस्त २६-२७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास. या तीन नक्षत्रांत जमीन जी ओल धरील, तिच्यावर जोंधळा, करडई व हरभरा माघापर्यंत उभा रहावयाचा. हत्ती सोंड फिरवतो तेव्हां भिंती पडतात, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण भिंत पडली तरी चालेल, हत्ती आला पाहिजे, असें म्हणणारा शेतकरी मीं प्रत्येक गांवांत पाहिला आहे. माझ्या लहानपणीं धाब्याचीं घरें होतीं. हस्ताचा पाऊस लागला कीं आई घरभर भांडीं मांडून ठेवी, वडील रात्रींबेरात्रीं वर चढून पांढरी माती दाबीत, आणि आम्ही मुलें कोणतें भांडें आधीं भरतें याची पैज लावीत असूं. घर गळत असतां वडिलांच्या तोंडावर समाधान कसें, याचें मला तेव्हां नवल वाटे. १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं खडी फोडली होती, हें समजल्यावर तें नवल फिटलें.

आतां या पावसानें मला काय शिकविलें तें सांगतों. तीन वर्षांपूर्वीं उत्तरेचा पाऊस चांगला झाला. हस्तांत पुन्हां पाऊस आहे, असें मोबाइलवर वाचलें. त्यापूर्वीं पेरून मोकळें व्हावें, म्हणून मीं तिसऱ्याच दिवशीं ट्रॅक्टर बोलाविला. आमची थोरली वहिनी, जिनें माझ्या भावाच्या माघारीं वीस वर्षें शेत सांभाळलें आहे, ती बांधावर उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, अजून वाफसा नाहीं. मूठभर माती दाबून टाका बरं खालीं." मीं माती घेतली, मुठींत दाबली व कमरेच्या उंचीवरून टाकली. गोळा फुटला नाहीं. तसाच पडून राहिला. तरीहि मीं म्हटलें, "वहिनी, ट्रॅक्टरवाला पुन्हां चार दिवस मिळणार नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं.

पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. ओल्या रानांत चाकांनीं माती दाबली गेली. दुसऱ्या रात्रीं एक जोराची सर आली आणि मागाहून चार दिवस कडक ऊन पडलें. वर पापुद्रा असा धरला कीं, कोंब खालच्या खालीं वांकडे होऊन राहिले. अर्धें रान रिकामें. वहिनीनें तिचें रान आठ दिवस थांबून, गोळा हातांतून पडतांच भुगा होऊं लागला तेव्हां बैलांच्या पाभरीनें पेरलें. मला चित्रा अर्धी सरल्यावर दुबार पेरावें लागलें. उशिराच्या जोंधळ्यावर खोडमाशी अधिक पडते आणि ओलहि त्याला पुरत नाहीं. त्या वर्षीं वहिनीची सुडी माझ्या सुडीच्या दुप्पट उंच होती. आमच्या गोठ्यांतल्या दोन गाईंसाठीं वैशाखांत कडबा मला तिच्याचकडून घ्यावा लागला. तिनें पैसे घेतले नाहींत, हें त्याहून जड गेलें.

कोरडवाहू जोंधळ्याची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यांत करावी, अशी शिफारस आहे. त्या महिन्यांतला नेमका दिवस मात्र तारीख पाहून ठरत नाहीं, मूठ दाबून ठरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें जमिनीच्या खोलीप्रमाणें वाण सांगितले आहेत: हलक्या रानांत फुले अनुराधा, मध्यम रानांत फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी, भारी काळ्या रानांत फुले वसुधा. एकरीं चार किलो बीं पुरें होतें. आणि काणी येऊं नये म्हणून किलोस चार ग्रॅम याप्रमाणें तीनशे मेशाचें गंधक चोळावें. दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवावें. दाट पेरलें तर कडबा बारीक व कणीस लहान, इतकेंच पदरीं पडतें.

सुखांची जमा

आतां सुखांकडे वळूं. पहिलें सुख पहांटेचें. सूर्य वर येण्यापूर्वीं रानांत गेलें, तर बांधावरच्या गवतांत कोळ्यांनीं विणलेलीं जाळीं दंवानें पांढरीं झालेलीं दिसतात; तासाभरानें तींच जाळीं शोधूनहि सांपडत नाहींत. या दंवानें धोतर गुडघ्यापर्यंत भिजतें, ही तक्रार खरी; पण पाऊस गेल्यावर जोंधळ्याच्या कोवळ्या रोपाच्या पोंग्यांत दंवाचा थेंब साठलेला पाहिला म्हणजे ती तक्रार करवत नाहीं. याच दिवसांत धोबी पक्षी येतो. शेपूट खालींवर करीत नांगरल्या रानांत बैलांच्या मागें चालतो. हा उत्तरेकडून थंडीपुरता येणारा पाहुणा आहे. तो दिसला कीं पावसाळा सरला, असें आमच्याकडे समजतात. मागाहून थव्यांनीं भोरड्या येतात. त्यांचें आकाशांतलें वळणें-वांकणें फार पाहण्यासारखें असतें, मात्र पुढें जोंधळा दाण्यांत आला म्हणजे हे पाहुणे आपल्या पानांतलेंच जेवतात.

दुसरें सुख नवरात्राचें. घरोघर घट बसतात. शेतांतली काळी माती, तिच्यांत नऊ धान्यें, वर मातीचा घट, आणि दररोज एक माळ. माळ कधीं तरवडाच्या पिवळ्या फुलांची, कधीं कारळ्याची, कधीं झेंडूची. धर्माच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व मोठें आहेच. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा घरांतला बियाणें-तपासणीचा वर्ग आहे. कोणतें धान्य कितव्या दिवशीं उगवलें, कोणतें पिवळें पडलें, हें घरांतलीं लहान मुलेंहि नऊ दिवस पहातात. मी याच दिवसांत जोंधळ्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवतों आणि सत्तरांहून कमी उगवले तर बीं बदलतों. दसऱ्यास घटांतले कोंब टोपींत खोवून आम्ही शिलंगणास निघतों. आमच्या तालुक्यांत राशीनच्या यमाई देवीचा उत्सव या दिवसांत भरतो. तेथील हलणाऱ्या दीपमाळा पहावयास दूरदूरचे लोक येतात. पाथर्डीकडील मंडळी मोहट्याच्या देवीस पायीं जातात. हस्त नक्षत्र लागलें कीं मुली पाटावर हत्ती काढून त्याभोंवतीं फेर धरतात आणि शेवटीं खिरापत ओळखावयास सांगतात. आमची नात मागील सालीं मला तीनदां हरविती झाली. खिरापत होती रानांतल्या वाळकाच्या कोशिंबिरीची, आणि ती मला सुचलीच नाहीं.

वाळकाचा विषय निघालाच आहे. बाजरीच्या पिकांत आपोआप उगवलेला वाळकाचा किंवा शेंदाडाचा वेल, आणि काढणी करतांना पानांखालीं अवचित सांपडलेलें पिवळें, सुवासिक, पिकलेलें शेंदाड, हें बाजारांत विकत मिळणारें सुख नव्हे. तेथेंच बांधावर बसून, विळ्यानें चिरून, मजुरांसह वांटून खावें. तणनाशकांचा वापर वाढला तसे हे वेल कमी झाले. म्हणून मी चार-दोन वेल मुद्दाम राखतों. ओल्या भुईमुगाच्या शेंगा उकडून, चवळीच्या कोवळ्या शेंगांची भाजी, आणि नव्या बाजरीची पहिली भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा व शेजारीं ठेचा: हें जेवण आश्विनांतच मिळतें. बाजरीचें पीठ जुनें झालें कीं कडू होऊं लागतें. नव्या बाजरीची गोडी त्यामुळेंच अधिक. डोंगरउतारावर सीताफळें याच दिवसांत डोळे उघडतात. पिकण्यापूर्वीं माकडें व पिकल्यावर पोरें त्यांच्यावर धाड घालतात, त्यामुळें मालकाच्या हातीं लागतें तें फळ खरोखर नशिबाचें म्हणावें.

दसऱ्याचें एक मात्र सांगितलें पाहिजे. आपट्याच्या पानासाठीं आपण सारें झाड ओरबाडतों. आपटा मिळाला नाहीं तर त्याच्यासारखें दिसतें म्हणून कांचनाच्या फांद्या तोडून आणतों. एका माणसानें दुसऱ्यास देण्यास एक पान पुरे होतें. आमच्या बांधावर मीं दोन आपटे लावले आहेत. ज्यास पान हवें त्यानें तेथें येऊन एक तोडावें, फांदी मोडूं नये, इतकाच नियम ठेवला आहे. नियम अर्धे लोक पाळतात.

कोजागिरीचें चांदणें सर्वांचेंच आहे. परंतु बाजरीच्या बुचाडावर पाठ टेकून, आटीव दुधाचा पेला हातांत घेऊन तें पाहिलें, तर तें शेतकऱ्याचें आहे असें वाटतें. अकोल्याकडील वाचकांस याहून मोठें वैभव आहे: पाऊस उघडतां उघडतां कळसूबाईच्या, म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखराच्या, उतारांवर सोनकीचीं पिवळीं फुलें पसरतात आणि खालीं भाताचीं खाचरें पिकूं लागतात. सवड काढून पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनीं एकदां तिकडे जावें. आपल्याच जिल्ह्यांत एवढें पाणी कोठें पडतें, हें पाहून मनांत थोडा मत्सर उत्पन्न होतो. तोहि या ऋतूंतला एक अनुभव म्हणून सोसावा.

उपद्रवांचा खर्च

आतां खर्चाची बाजू. ऑक्टोबरची दुपार हा पहिला खर्च. ढग गेलेले, जमीन ओली, ऊन थेट. त्यामुळें अंगाची नुसती चिकचिक होते. शरद ऋतूस वैद्यांची आई म्हणण्याची जुनी रीत आहे, ती उगीच नव्हे. दिवसा ऊन, रात्रीं गारवा, आणि डबक्यांत वाढलेले डांस यांमुळें घरोघर ताप येतो. टांकीचें झांकण घट्ट ठेवणें व आठवड्यांतून एकदां रांजण कोरडा करणें, हें औषधापेक्षां स्वस्त आहे.

दुसरा उपद्रव कुसळांचा. परंतु कुसळें कपड्यांत टोंचूं लागलीं याचा अर्थ एवढाच कीं, माळावरचें गवत कापण्यास आपण उशीर केला. कुसळी गवत फुलावर असतां कापलें तर जनावरें आवडीनें खातात. कुसळें पक्व झालीं कीं तेंच गवत त्यांच्या तोंडांत टोंचतें व त्याचा कसहि जातो. म्हणजे धोतराला लागलेलें पहिलें कुसळ ही विळा पाजळण्याची सूचना समजावी. सराट्यांचेंहि तसेंच: फूल पिवळें आहे तोंवर उपटला तर हातानें निघतो, मागाहून चाकांत, बैलाच्या खुरांत व पोरांच्या पायांत निघतो.

तिसरा, बाजरी फुलोऱ्यांत असतां येणारे हिंगे. संध्याकाळीं दिव्यावर येतात, अंगावर चिरडले गेले तर कातडीवर फोड उठतात. तें झटकावे, चोळूं नयेत. फुलोऱ्यांत पाऊस झाला तर कणसांतून चिकट मधासारखा रस गळतो; त्या कणसांत पुढें काळसर अरगट धरतो आणि तो दाण्यांत मिसळून खाण्यांत आला तर माणसांस व जनावरांस विषबाधा होते. अशीं कणसें हातानें वेगळीं काढून जाळावीं. मळणीचा कोंडा हा चौथा उपद्रव. पूर्वीं खळें सारवून तिवड्याभोंवतीं बैल फिरवीत, वाऱ्यावर उफणीत. आतां मळणीयंत्र दोन तासांत काम उरकतें, पण कोंडा तितकाच उडतो व अंग तितकेंच खाजतें. तोंडास फडकें बांधावें, इतकाच उपाय.

पांचवा उपद्रव गाजरगवताचा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नोंदलें गेलेलें हें परदेशी तण आज प्रत्येक पाणंदीवर आहे. त्याच्या परागानें शिंका, दमा व त्वचेची खाज सुरू होते. फुलावर येण्यापूर्वीं उपटून कंपोस्टाच्या खड्ड्यांत घालावें. फुलें आल्यावर उपटलें तर आपणच बीं पेरल्यासारखें होतें.

सहावा, हरणांचा. आमच्या तालुक्यांतील रेहेकुरी येथें १९८० सालीं काळवीटांसाठीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरहि नाहीं. काळवीटांस हद्दीचा नकाशा वाचतां येत नाहीं. जोंधळ्याचे कोंब वर आले कीं कळप रात्रींतून रानें फिरतात. राखण करणाऱ्या शेतकऱ्याचा संताप मला समजतो, माझेंहि नुकसान झालें आहे. तथापि एके पहांटे धुक्यांतून काळवीट उडी मारून बांध ओलांडतांना पाहिलें आणि हातांतला दगड हातांतच राहिला. त्या उडीची भरपाई मागण्यास कोणता फॉर्म भरावा, हें तीस वर्षांच्या कारकुनीनंतरहि मला सांगतां येणार नाहीं. पिकाच्या भरपाईचा अर्ज मात्र अवश्य करावा. वन खात्याकडे तशी तरतूद आहे.

लहान म्हणतां येत नाहीं असा उपद्रव सापाचा. बाजरीचीं बुचाडें, पेंढ्यांचे ढीग, दगडी ताली यांत या दिवसांत फुरसें व घोणस असतात. शेतीची वीज रात्रींच्या पाळीस असली म्हणजे पाणी धरण्यास अंधारांत जावें लागतें. बॅटरी, काठी व पायांत बूट यांशिवाय कोणीं जाऊं नये. आणि दंश झालाच तर भगताकडे घटकाहि न दवडतां, हातापायांतील अंगठ्या-कडीं काढून, माणसास चालूं न देतां सरकारी दवाखान्यांत न्यावें. सापाच्या विषावर उपाय लस हाच आहे, आणि ती तेथें मिळते. उंसाच्या पट्ट्यांत, संगमनेर-राहुरी-श्रीरामपूरकडे, बिबट्याचें भय निराळें. तेथें मुलांस संध्याकाळीं एकटें उंसाकडेनें पाठवूं नये.

ज्यांचा शरद लवकर संपतो

दसरा झाला, दिवाळी आली, कीं आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागांतून आणखी एक दृश्य दिसतें. पाथर्डी, शेवगांव, जामखेड येथून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून उंसतोडीचीं कुटुंबें बाहेर पडतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडीं, गोधड्या, कोंबड्या, शेळी, आणि वर बसलेलीं मुलें. १९५० सालीं प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी कारखाना उभा राहिला. त्यापासून या जिल्ह्याच्या पाटपाण्याखालील भागाचें भाग्य उजळलें, यांत शंका नाहीं. पण गळिताचा हंगाम ज्यांच्या कोयत्यावर चालतो त्यांस नव्या बाजरीची भाकरी पोटभर खावयासहि सवड मिळत नाहीं, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. माझ्या गांवच्या मराठी शाळेंत माझ्या शेजारीं बसणारा एक मुलगा दर दिवाळींत असाच जाई व उन्हाळ्यांत परत येई; चौथीच्या पुढें तो गेला नाहीं. ज्या बागाईतदार वाचकांच्या रानांत अशीं कुटुंबें उतरतील त्यांनीं पाण्याची, निवाऱ्याची सोय करावी, व जवळच्या शाळेंत मुलांचीं नांवें घालून द्यावीं. त्यास फार खर्च येत नाहीं.

शेवटीं पुन्हां पैसेवारीकडे येतों. २०२५ च्या सप्टेंबरांत आपल्या जिल्ह्यांत, विशेषतः पूर्व व दक्षिण भागांत, अतिवृष्टि होऊन नद्या-ओढ्यांस पूर आले; हातातोंडाशीं आलेली बाजरी, सोयाबीन, कांद्याचीं रोपें पाण्यांत गेलीं. ज्या ऋतूचीं सुखें मीं वर मांडलीं, तोच ऋतु एका आठवड्यांत असा उलटूं शकतो. त्या वेळीं नुकसान कोणीं किती पाहिलें व कसें पाहिलें, यावर पुढचें सारें अवलंबून रहातें. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे. आपलें पीक आपणच मोबाइलवर नोंदवावयाचें आहे. पुष्कळ शेतकरी हें काम दुसऱ्यावर सोंपवितात किंवा मुदत संपतां संपतां धांवाधांव करतात. माझ्यासारख्या कंटाळलेल्या कारकुनानें रस्त्यावरून पाहिलें म्हणून एका गांवाचें नुकसान झालें. आतां आपलें पीक आपण स्वतःच न पाहिल्यानें तसें होऊं देऊं नये.

म्हणून माझी वाचकांस एवढीच विनंति आहे. या आश्विनांत एक दिवस, हातांत दुसरें काम न घेतां, पहांटे आपल्या रानास चारी बांधांनीं फेरी घालावी. कुसळें लागतील, धोतर भिजेल. प्रत्येक बाजूस आंत दहा पावलें शिरून पांच-सहा कणसें हातांत धरून पहावीं, चिमटींत दाणा दाबून पहावा, मूठभर माती दाबून खालीं टाकावी. शेंदाड सांपडलें तर तेथेंच बसून खावें. घरीं येऊन काय पाहिलें तें एका वहींत तारखेसह लिहावें. मी गेलीं कांहीं वर्षें अशी वही ठेवतों; यंदाच्या पानावर पहिली नोंद वहिनीची आहे, कारण वाफसा केव्हां झाला हें तिनें सांगितलें आणि या खेपेस मीं ऐकलें.

— एक सेवानिवृत्त महसुली कारकून